गाळात निजलेला

थंडी पडली की आमच्या घरातली पाल बुद्धाच्या तसबिरीमागे राहायला जाई. कापसाची पहिली वेचणी होईपर्यंत ती दिव्याभोवतीचे किडे टिपत भिंतभर हिंडे. मग एका सकाळी दिसेनाशी होई, आणि पुढचे दोन-अडीच महिने तसबिरीच्या खालच्या कडेतून केवळ तिच्या शेपटीचे टोक दिसत राही. बाबांना ते रुचत नसे. रविवारी तसबीर पुसताना ते म्हणत, ‘भगवंतांच्या मागे पाल बसलेली बरी दिसत नाही.’ चुलीपाशी बसलेली माय मान वर न करता उत्तर देई, ‘बसू द्या न. तेही ध्यानालेच बसली हाय.’ बाबा हसू दाबत आणि तसबीर खिळ्यावरून न उतरवता, जागच्या जागीच पुसत.

पुढे आयुष्यभर मी मुलांना प्राणिशास्त्र शिकवले. फळ्यासमोर उभी राहिले की माझा आवाज निघे. फळा पाठीशी नसला की निघत नसे. लिहिण्याचे धाडस तर निवृत्तीनंतरही कित्येक वर्षे झाले नाही, आणि आजही चार ओळी लिहून तीन खोडण्याची सवय सुटलेली नाही. तरी हे प्रकरण लिहायला घेतले, याचे कारण असे की माझ्या शिकवण्याचा पाया ज्या घरात, ज्या तळ्यावर घातला गेला, त्याची नोंद माझ्याशिवाय आता दुसरे कोणी करणारे उरलेले नाही.

आमचे घर मावला या गावाच्या अलीकडे, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. तेव्हा आम्ही आंध्रात होतो; पुढे राज्य बदलले, घर होते तेथेच राहिले. मोठ्या रस्त्यावरून नेरडीगोंड्याकडे जाणाऱ्या मालमोटारींची घरघर दिवसभर ऐकू येई, आणि त्या घरघरीखाली, पावसाळ्यात, तळ्याचा स्वतःचा आवाज असे. मायला त्यातला एकेक गळा ओळखता येई. अंबाडीची भाजी घोटता घोटता ती म्हणे, ‘हा मोठा पिवळा. हे बारके, गाळातले. अन् हा जो एकटाच बोंबलून राह्यला न, त्याले अजून जोडी भेटली नाही.’ आमच्या घरात दिनदर्शिका होती, पण ती बाबांची. मायची दिनदर्शिका अंगाने सरपटणारी आणि उड्या मारणारी होती. पौषातल्या कडाक्यात पूर्वेच्या भिंतीवर ऊन येई, ते खाण्यासाठी सरडा वर चढे, आणि माय ओरडे, ‘सरडा आला भिंतीवर, शाळंत निघा!’ त्याच सरड्याचा गळा लाल झाला, तो कुंपणावर बसून मान डोलावू लागला की ती उन्हाळ्याचे पापड करायला घेई. अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाला थंडीत ऊन चांगले वर आल्याशिवाय ती हात लावू देत नसे. त्या वाळक्या कपाशीखाली एक धामण होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. ‘थंडीतला साप गरीब असते,’ माय समजावी, ‘पण अंगावर हात पडला तर तो तरी काय करन? त्याले आंग मोकळं करू द्या, मंग सरपण काढा.’ श्रावणात ढिगाच्या टोकाशी तिची कात सापडे. माय ती उचलून लांबी पाही आणि शेजारच्या मुलीची वेणी वाढली असावी तशा कौतुकाने म्हणे, ‘वाढली वं.’

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दोन पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या कुटुंबातून ते पहिले शिकले, आणि त्या शिकण्याची इस्त्री त्यांनी कधी मोडू दिली नाही. घरात शुद्ध बोलावे, असा त्यांचा आग्रह असे. ‘निजला हाय नव्हे, झोपला आहे, म्हण,’ असे ते मला सुधारत. मायला सुधारत नसत. तिच्या बोलण्यावर फक्त डोळे मिटून घेत. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे माय शेतमजुरीला जात असे. बाबांना नोकरी लागल्यावर त्यांनी ते थांबवले. मास्तरांच्या बायकोने आता दुसऱ्याच्या बांधावर जाऊ नये, यात त्यांचा अहंकार नव्हता. ज्या वाकलेल्या पाठींतून आपण उभे राहिलो ते वाकणे पुन्हा पाहू नये, एवढेच त्यांना वाटत असावे. हे मला आज कळते. तेव्हा एवढेच कळत असे, की मायच्या हातांकडे लोकांचे लक्ष जाऊ नये असे बाबांना वाटते. आणि लिहिताना संकोच होतो, पण मलाही तसेच वाटत असे.

एका कामाला मात्र माय कोणाच्याही सांगण्याने थांबली नाही. तळे आटले की त्याचा गाळ काढण्याचे. त्या काळ्या गाळाने शेते पोसत, भिंती लिंपत. आसपासच्या बायका कुदळी, फावडी आणि घमेली घेऊन तळ्याच्या पोटात उतरत. माय पहिल्या दिवसापासून जाई. तिची जुनी सोबतीण गयामावशी तिला पाहताच हाक देई, ‘या मास्तरीणबाई! चपला काढून या, गाळाले मास्तर वळखू येत नाही!’ माय पदर खोचत म्हणे, ‘तुही जीभ आधी गाळात पुर, मंग मी येतो.’

त्या कामाचा एक नियम होता. गाळाचा वरचा थर कडक, भेगाळलेला असे. हातभर खाली तो अजून ओलसर लागे, आणि त्या ओलीत बेडूक निजलेले असत. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले, मातीच्याच रंगाचे. खणता खणता असा एखादा लागला की ज्या बाईच्या कुदळीला तो लागला ती मोठ्याने ओरडे, ‘निजला हाय!’ तो शब्द ऐकताच आजूबाजूच्या साऱ्या कुदळी थांबत. ढेकूळ होते तसे परत बसवले जाई, वर मूठभर गाळ दाबला जाई, बसवणारी पुन्हा एकदा ‘निजला हाय!’ असे ओरडे, आणि सगळ्या जणी तेवढी जागा सोडून, एक हात बाजूला सरून पुन्हा खणू लागत. कोणी कधी त्याला डिवचले नाही. दिवसाच्या शेवटी खणलेल्या तळ्यात अशी न खणलेली उंचवट्यांची बेटे उभी दिसत. मी काठावर बसून ती मोजत असे.

आठवीत मी शहरातल्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत गेले. भाषा नवी, मुली नव्या. मी वर्षभर खिडकीशेजारी गप्प बसले. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात बेडकावर एक पाठ होता. बेडूक हिवाळ्यात शीतनिद्रा घेतो, आणि हवा उबदार झाली की जागा होतो, असे त्यात छापलेले होते. मी घरी तो पाठ मोठ्याने वाचून मराठीत सांगितला तेव्हा माय भाकर थापत होती. तिचा हात थांबला. ‘उबेनं जागा होते? आपल्या इकडं तर तो उन्हानंच निजते. कोन्या गावचा बेडूक हाय हा?’ बाबा म्हणाले, ‘पुस्तक विद्वान लोक लिहितात.’ माय म्हणाली, ‘असन,’ आणि भाकर तव्यावर टाकली.

माघ संपत आला असताना शाळेत जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाची सूचना फिरली. मी बोटही वर केले नव्हते. पण टीचरनी माझ्या वहीत बेडकाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली मायची शंका वाचली होती. ‘तळ्याकाठी राहतेस ना? मग दाखव आम्हाला,’ त्या म्हणाल्या. त्या वर्षी पाऊस लवकर परतला होता, तळे तळाला लागले होते आणि गाळाचे काम सुरू झाले होते. मी मायला न विचारता एक ढेकूळ घरी आणले. बेडूक आत निजलेला होता. तो जिवंत आहे हे दाखवायचे तर त्याला जागे करायला हवे, असे मला वाटले. कसे, ते पुस्तकात होतेच. मी बाबांना विचारले; त्यांनी पाठ पुन्हा वाचला आणि मान डोलावली. आम्ही दोघांनी, घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी, ते ढेकूळ चुलीच्या ओट्यावर, उबेला ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते राखेसारखे पांढरे पडून उकलले. बेडूक आत होता. पण त्याचे पाय आता पोटाशी घेतलेले नव्हते. त्याने मागच्या पायांनी खालची माती उकरली होती, आणि तशाच उकरत्या पायांनी तो वाळून गेला होता. मायने ढेकळाचे तुकडे तळहातावर घेतले. रागावली असती तर सोपे झाले असते. ‘त्याले वाटलं, उन्हाळा वाढला,’ ती हळू म्हणाली. ‘तो अजून खोल जाऊन राह्यला होता. पण जाईन कुठं? खाली चूल.’ बाबा उठून बाहेर गेले. त्या रात्री तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या. टोपले तसेच भरलेले राहिले.

आजही एखाद्या उन्हाच्या दुपारी भाजी चिरताना ते उकरते पाय माझ्या डोळ्यांसमोर येतात. पुढे महाविद्यालयात ग्रीष्मनिद्रा हा शब्द मला भेटला, तेव्हा सुटीत घरी येऊन मी तो मायला सांगितला. ती म्हणाली, ‘नाव ठेवलं का त्याचं? बरं झालं.’

बेडूक वाळून गेला तेव्हा प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. मी टीचरना नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायलाही बोलावे लागते. शेवटी मी तळ्यावर गेले आणि सगळ्या बायकांदेखत मायपुढे उभी राहिले. ‘मला एक ढेकूळ हवं आहे. जागं न करता दाखवायचं आहे.’ गयामावशी म्हणाली, ‘घ्या! निजलेल्याची वरात काढते पोरगी!’ सगळ्या हसल्या. माय हसली नाही. तिने मला विचारले, ‘कोनी म्हनलं फोड म्हनून, तर?’ मी म्हटले, ‘नाही फोडू देणार.’ ‘तुह्या तोंडातून आवाज निंगन का?’ मी घमेल्याची कड नखाने खरवडू लागले. तरी तिने प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ढेकूळ काढून दिले. अंगठ्याच्या नखाने तिने त्याला एका बाजूला रुपयाएवढी खिडकी पाडली, त्यातून बेडकाचा गळा तेवढा दिसे. तिने ते ओल्या गाळावर बसवून घमेल्यात ठेवले, वर पळसाची पाने झाकली. ‘उन्हात ठेवजो नको. पानी टाकजो नको. पान्यानं अंग भिजते, झोप नाही मोडत; त्याले ढगाचा आवाज जमिनीतून यावं लागते. जसा नेतं, तसा आनजो. दिवस मावळायच्या आत.’ मी मान हलवली. ‘मान नको हालवू,’ माय म्हणाली, ‘बोल.’ मी म्हटले, ‘आणते.’

बाबांनी घमेले सायकलच्या मागे बांधले आणि वाटेत, माझ्याकडे न पाहता, सांगितले, ‘कोणी विचारले तर म्हण, वडील शिक्षक आहेत, त्यांच्या मार्गदर्शनाखाली केले.’ मोठे सभागृह होते. कोणी कागदाचा ज्वालामुखी आणला होता, कोणी पेटणारे-विझणारे दिवे. कोपऱ्यातल्या भोंग्यावर देशभक्तीची गाणी लागली होती. माझ्या मेजावर एक तक्ता, आणि चिखल. मुले येत, पाहत, आणि पुढे जाऊन हसत. बाबांच्या ओळखीचे दोन शिक्षक आले, घमेल्याकडे पाहून बाबांकडे पाहिले; बाबा खिशातल्या पेनाची टोपी लावत-काढत राहिले.

दुपारी परीक्षक आले. बेल्लमपल्लीकडचे कोणी प्राध्यापक होते. उंच, चष्मा कपाळावर चढवलेला, मागे दहा-बारा जणांचा घोळका. ‘एमिटम्मा, मट्टिगड्डा तेच्चावा?’ त्यांनी विचारले. काय गं, मातीचे ढेकूळ आणलेस? घोळका हसला. मी तक्त्याकडे बोट केले. त्यांनी तो वाचला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पुस्तकात तर थंडीचे लिहिले आहे, ते म्हणाले. आणि हा मेलेला नाही कशावरून? फोडून दाखव. मी हलले नाही. ‘फोड, फोड,’ मागून कोणी म्हणाले, आणि एका उत्साही शिक्षकाने मेजावरची पट्टी उचलून ढेकळाच्या खिडकीत टोक घातले.

 मला फक्त उकरते पाय दिसले. मी दोन्ही हातांनी ढेकूळ झाकले आणि म्हणाले, ‘वद्दु सार! पडुकुंदि!’ नको सर, झोपलाय. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो सभागृहाच्या त्या टोकापर्यंत गेला असावा, कारण दिव्यांपाशी उभी असलेली मुले वळून पाहू लागली. पट्टी मागे झाली. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि शांतपणे विचारले, हे तुला कोणी शिकवले? कोणत्या पुस्तकात वाचलेस?

बाबा माझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सांगितलेले वाक्य मी तेलुगूत घोकून ठेवले होते. ते वाक्य तोंडापर्यंत आले, आणि तिथे मला गाळाने माखलेला मायचा अंगठा आठवला, खिडकी पाडणारा. ‘माझ्या मायने,’ मी म्हणाले. ‘ती पुस्तक वाचत नाही. ती तळ्यातला गाळ काढते. गाळ काढणाऱ्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे. तो उन्हाने झोपतो आणि ढगांच्या आवाजाने उठतो. मध्येच उठवला तर मरतो. एक मी मारला आहे.’ आणि मग, बाबांकडे न पाहता, ‘याला जसा आणला तसा परत न्यायचा आहे. मी कबूल केले आहे.’

 परीक्षक वाकले, आणि ढेकळाच्या खिडकीपाशी डोळा नेऊन थांबले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. घोळक्यातले लोक पाय बदलू लागले एवढा वेळ. मग एकाएकी त्यांनी मागे न पाहता हात वर केला. बेडकाचा गळा हलला असणार. तो तसा फार क्वचित हलतो, पण हलतो. ते सरळ झाले आणि शिपायाला म्हणाले, ‘तो कोपऱ्यातला भोंगा बंद कर. नाहीतर याला ढग वाटायचे.’

भोंगा बंद झाला. उरलेला दिवसभर बंदच राहिला. बक्षीस दिव्यांना मिळाले, आणि ते योग्यच होते. ते दिवे सुंदर होते. पण त्या दुपारी सभागृहात जो कोणी माझ्या मेजापाशी आला तो आवाज खाली आणून बोलला. माझ्या मायने जागे न करता दिलेल्या एका जिवासाठी एवढी शिकलेली माणसे कुजबुजत होती. त्यानंतर मला आयुष्यात काही मानाच्या गोष्टी मिळाल्या. त्या शांततेची सर त्यांपैकी एकीलाही नाही.

परतताना बाबा नजर रस्त्यावर रोखून सायकल मारत होते. ते रागावले आहेत, अशी माझी खात्री होती. घराचे वळण आले, तरी सायकल वळली नाही; ती सरळ तळ्याच्या बांधावर जाऊन थांबली. सूर्य अजून हातभर वर होता. खाली बायका खणत होत्या, त्यांत माय पाठमोरी, वाकलेली. बाबांनी वहाणा काढल्या, इस्त्रीच्या विजारीच्या कडा गुडघ्यांपर्यंत दुमडल्या. घमेल्याची दोरी सोडली आणि मी हात पुढे करण्याआधी ते उचलून डोक्यावर घेतले. लहानपणी घेतले असेल, तसेच; मान न हलवता. असेच ते तळ्याच्या पोटात उतरले.

गयामावशीने प्रथम पाहिले. ‘अवं बया! सारा गाव गाळ बाहेर नेते, अन् मास्तर आत आनून राह्यले!’ हशा पिकला. माय सरळ झाली. तिने बाबांकडे पाहिले, घमेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी म्हणाले, ‘आणला. तसाच.’ तिने पाने बाजूला करून खिडकीत पाहिले, आणि सकाळच्या खड्ड्याकडे हात केला. बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी ढेकूळ जागेवर ठेवले, खिडकीवर गाळ लावला, वर दोन्ही हातांनी, मनगटे काळी होईपर्यंत, माती दाबली. मग ते उठून उभे राहिले, आणि तिथेच घुटमळले. नियमाप्रमाणे एक गोष्ट उरली होती, आणि ती ज्याने ढेकूळ बसवले त्यानेच करायची असते. बायका कुदळी टेकून वाट पाहत होत्या.

बाबांनी घसा साफ केला.

‘निजला हाय!’ ते ओरडले. पार पलीकडच्या काठापर्यंत.

 मायने कुदळ उचलली, आणि सगळ्या जणींबरोबर, एक हात बाजूला सरून, पुन्हा खणायला लागली.